गोठलेल्या सरोवरावरील कारागिरी

ऑस्ट्रियाच्या साल्झबुर्ग प्रांतात, आल्प्स पर्वताच्या रांगांनी चोहोबाजूंनी वेढलेल्या एका खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर एक लांबट सरोवर पसरलेले आहे आणि त्याच्या पश्चिम तीरावर त्सेल आम झे हे गाव वसलेले आहे. उन्हाळ्यात या पाण्यावर नावा फिरतात. हिवाळ्यात, थंडीचा अंमल पुरेसा कडक आणि दीर्घ झाला म्हणजे, त्याच पाण्याची एक विस्तीर्ण शुभ्र भूमी होते. ती कोणाच्या सातबाऱ्यावर नाही, तिच्यावर झाड नाही, बांध नाही, भिंत नाही. अशा भूमीवर वेगाने धावण्याची इच्छा माणसाला व्हावी हे स्वाभाविकच होते. १९३७ साली या सरोवरावर मोटारसायकलींच्या शर्यती झाल्या, आणि त्यांत प्रत्येक मोटारसायकलीच्या मागे दोरी धरून पायांत बर्फावरच्या लांब फळ्या बांधलेला एक गडी घसरत येत असे. पुढच्याने वेग द्यायचा आणि मागच्याने तोल सांभाळायचा, असा हा जोडीचा खेळ होता.

पुढे महायुद्ध आले आणि खेळ थांबला. युद्धाच्या काळातच विख्यात यंत्रशिल्पी फर्डिनांड पोर्शे यांच्या कुटुंबाने त्सेलजवळ श्युटगुट नावाची मालमत्ता घेतली होती. ३० जानेवारी १९५१ रोजी पोर्शे निवर्तले तेव्हा त्यांचे दफनही तेथल्याच प्रार्थनामंदिरात झाले. त्यानंतरच्या हिवाळ्यात, म्हणजे १९५२ साली, त्यांच्या स्मरणार्थ त्या गोठलेल्या सरोवरावर मोटारींची शर्यत भरली आणि ती प्रथा पुढे दोन दशकांहून अधिक काळ चालली. एवढा इतिहास त्सेलला जाणाऱ्या कोणत्याही प्रवाशाला सहज कळतो. परंतु या प्रथेची जी बाजू मला अधिक मोलाची वाटते ती थोर घराण्याच्या नावाशी निगडित नसून, घराच्या मागल्या पडवीत, भाड्याच्या गाळ्यात किंवा पेट्रोलपंपाच्या आडोशाला रात्री जागून, मोडीत निघालेल्या वाहनांच्या सुट्या भागांतून बर्फावर धावण्यासाठी लहानशी गाडी उभी करणाऱ्या कारागिरांशी निगडित आहे. मोटारींच्या शर्यतीसारख्या मुळातच खर्चीक खेळात अशा माणसांना मानाचे पान मिळावे, हे बर्फाच्या स्वभावामुळे शक्य झाले.

तो स्वभाव थोडा तपशिलाने सांगणे अवश्य आहे. कोरड्या डांबरी रस्त्याला रबरी टायर जितके घट्ट धरून राहते त्याच्या सुमारे अष्टमांशच ते गुळगुळीत बर्फाला धरते, आणि तापमान शून्याच्या आसपास आले की पृष्ठभागावरचा पाण्याचा अतिसूक्ष्म थर ही पकड आणखी क्षीण करतो. समजा, चालकासह ५०० किलो वजनाची एक गाडी आहे आणि तिच्या वजनाचा साठ टक्के भाग मागच्या, म्हणजे इंजिनाने फिरणाऱ्या, चाकांवर आहे. खिळे नसलेल्या टायरांवर ही गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असता तिची चाके बर्फाला जितकी शक्ती देऊ शकतात तिचा हिशोब मांडला, तर ती सहा-सात अश्वशक्तीच्या वर जात नाही. त्यापुढची सारी शक्ती, मग ती इंजिनात पंचवीस अश्वांची असो की अडीचशे, चाके जागच्या जागी गरगर फिरवण्यात खर्ची पडते. टायरांना खिळे ठोकले की हा आकडा पुष्कळ वाढतो, तरीही प्रमाणाचे तत्त्व तेच राहते. जेथे शक्ती वापरताच येत नाही तेथे शक्ती विकत घेणाऱ्याचा अधिकार आपोआप उणावतो, आणि वजन कोठे ठेवावे, टायर किती अरुंद असावे, खिळा किती लांब काढावा, पायाखालचा दट्ट्या किती हलक्या हाताने, किंबहुना हलक्या पायाने, दाबावा हे जाणणारा माणूस पुढे येतो.

बर्फाचा असा उपयोग करून घेणाऱ्यांत एक थोर पूर्वसूरी अमेरिकेत होऊन गेला. हेन्री फोर्ड यांनी १८९६ साली डेट्रॉइटमधील आपल्या घरामागच्या कोठारात पहिली चारचाकी बांधली आणि ती तयार झाल्यावर दारातून बाहेर निघेना म्हणून कुऱ्हाडीने दार रुंद करावे लागले. हे प्रसिद्धच आहे. त्यानंतर आठ वर्षांनी, १२ जानेवारी १९०४ रोजी, नव्या कारखान्याच्या मालाकडे जगाचे लक्ष वेधावे या हेतूने ते सेंट क्लेअर सरोवराच्या बर्फावर उतरले. त्यांची ‘अ‍ॅरो’ नावाची गाडी म्हणजे जवळजवळ १९ लिटरचे चार नळकांड्यांचे राक्षसी इंजिन आणि त्याखाली लाकूड-लोखंडाचा उघडा सांगाडा, एवढीच होती. तिला अंग असे नव्हतेच. बर्फावर कोळशाची राख पसरून वाट तयार केली होती. एक मैल त्यांनी ३९.४ सेकंदांत, म्हणजे ताशी ९१.३७ मैलांच्या वेगाने कापला आणि तो त्या काळचा उच्चांक ठरला. पृष्ठभागावरील प्रत्येक भेगेशी गाडी हवेत उडत होती, पण माघार घेण्याची वेळ निघून गेली होती, अशा आशयाचे वर्णन त्यांनी आत्मचरित्रात केले आहे. महिना उलटायच्या आत फ्लोरिडाच्या वाळूवर व्हँडरबिल्ट नावाच्या दुसऱ्या चालकाने तो उच्चांक मोडला. फोर्ड यांची गाडी लहान नव्हती आणि घरात बांधलेलीही नव्हती. परंतु सरळ रेषेत धावण्यास राजमार्ग नसेल तर निसर्गाने फुकट दिलेली सपाटी घ्यावी, हा विचार त्यांनी ज्या निर्भयपणे आचरला त्याचे ऋण पुढच्यांवर आहे.

सपाटी फुकट मिळते हे विधान मात्र सावधपणेच करावे लागते, कारण बर्फ भार पेलते ते आपल्या अटींवर. लहान मोटारीसाठी वीस ते तीस सेंटीमीटर जाडीचे निर्मळ, घट्ट बर्फ हवे, असा सर्वसाधारण दंडक आहे. पण जाडी हा एकच हिशोब नव्हे. १९४१ सालच्या हिवाळ्यात वेढ्यात सापडलेल्या लेनिनग्राडला धान्य पोचवण्यासाठी लाडोगा सरोवराच्या बर्फावरून मालमोटारींची जी ऐतिहासिक वाट सुरू झाली, तीवर असे आढळू लागले की ओझ्याने लादलेली, सावकाश जाणारी गाडी सुखरूप पार होते आणि कधीकधी हलकी, वेगाने जाणारी गाडी मात्र बुडते. पावेल कोबेको आणि नाउम रेइनोव्ह या शास्त्रज्ञांनी बर्फाचे वाकणे मोजणारी उपकरणे मांडून याचे कारण शोधले. गाडीच्या भाराने बर्फ किंचित खचते आणि खालच्या पाण्यात एक लाट उठते. गाडीचा वेग त्या लाटेच्या वेगाशी जुळला की आंदोलन वाढत जाऊन बर्फ फुटते. लाडोगावर हा घातक वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास होता आणि त्यानुसार चालकांना वेगाचे व अंतराचे नियम घालून देण्यात आले. पाण्याची खोली आणि बर्फाची जाडी बदलली की हा वेगही बदलतो. कित्येक माणसांचे प्राण वाचवणारे हे ज्ञान भुकेच्या आणि तोफांच्या छायेत मिळवले गेले, हे गोठलेल्या पाण्यावरच्या कोणत्याही खेळाविषयी लिहिताना विसरता येत नाही.

उत्तरेकडच्या देशांत खेळ युद्धापूर्वीच रीतसर सुरू झाला होता. स्वीडनमध्ये रेमेन सरोवराच्या परिसरात १९३१ साली हिवाळी महाशर्यत भरली आणि ती फिनलंडच्या कार्ल एब यांनी जिंकली. पुढच्याच वर्षी बेनस्ट्रॉम नावाच्या स्वीडिश चालकाने ती फोर्ड गाडीवर जिंकली. शर्यतीसाठीच घडवलेल्या महागड्या युरोपीय गाड्यांचा तो काळ होता हे ध्यानी घेतले म्हणजे साध्या अमेरिकन फोर्डच्या या यशाचे महत्त्व कळते.

आता पुन्हा ऑस्ट्रियाकडे वळू. युद्ध संपले तेव्हा त्या देशाची चार जेत्यांनी वाटणी केलेली होती. त्सेल अमेरिकनांच्या अमलाखाली, इन्सब्रुक फ्रेंचांच्या, कॅरिंथिया इंग्रजांच्या आणि पूर्वभाग रशियनांच्या. तहनामा होऊन परकी फौजा निघून जाण्यास १९५५ साल उजाडले. नवी मोटार दुर्मिळ होती, पेट्रोलला मोजमाप होते, परंतु एका वस्तूचा सुकाळ होता. जर्मन लष्कराच्या क्युबेलवागन नावाच्या हलक्या गाड्या, ज्या युद्धकाळात सुमारे ५०,००० बांधल्या गेल्या होत्या, त्यांपैकी पुष्कळ ठिकठिकाणी बेवारस, मोडक्या, चिखलात रुतलेल्या अवस्थेत पडून होत्या. फोक्सवागनच्याच पोटी जन्मलेली ही गाडी. हिमप्रदेशासाठी एखाद्या कारागिराने मुद्दाम मागून घ्यावी अशी तिची रचना होती. इंजिन हवेने थंड होणारे, म्हणून गोठून फुटायला पाणीच नाही. ते मागच्या धुरीवर, म्हणून वजन नेमके फिरणाऱ्या चाकांवर. बैलगाडी उलाळ झाली की बैलाच्या मानेवरचा भार हलका होतो, तशी ही गाडी पुढे हलकी आणि मागे जड असे, आणि बर्फावर तो दोष न राहता गुणच होई. शिवाय तिच्या मागच्या धुरीत असे विभेदक बसवलेले होते की एक चाक घसरून फिरू लागले तरी दुसऱ्याला ताकद मिळत राही. पिळाच्या दांड्यांवर तोललेली प्रत्येक चाकाची स्वतंत्र योजना ही तर खडबडीत बर्फावर वरदानच.

या सुट्या भागांतून त्या लहानशा देशात केवढे काम उभे राहिले! कॅरिंथियातील ग्म्युंड या खेड्यात एका जुन्या लाकूड-गिरणीत पोर्शे मंडळींनी ११३१ घनसेंटीमीटरचे फोक्सवागन इंजिन पंचवीसवरून पस्तीस अश्वशक्तीला चढवून आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा हाताने ठोकून आपली पहिली गाडी बांधली. तिला जून १९४८ मध्ये रस्त्याचा परवाना मिळाला. व्हिएन्नात वोल्फगांग डेन्झेल यांनी क्युबेलवागनच्या भागांपासून आपल्या नावाच्या गाड्या घडवल्या आणि १९५४ साली आल्प्सची खडतर दौड जिंकली. आज ज्या नावांना जगभर किंमत आहे त्यांचा आरंभ आणि गल्लीतल्या एखाद्या हौशी मिस्त्रीचा आरंभ यांत त्या काळी फारसे अंतर नव्हते.

या सर्वांत ज्याच्या चरित्राने मी सर्वाधिक भारावून गेलो तो पुरुष म्हणजे इन्सब्रुकचे ऑटो माटे. १९०७ साली जन्मलेले माटे तरुणपणी मोटारसायकलीच्या शर्यती मारत. १९३४ साली एका अपघातात त्यांचा उजवा हात कायमचा निकामी झाला. दुसरा कोणी असता तर तेथेच चाकाचा संग सुटला असता. माटे यांनी चारचाकी धरली, आणि एकाच हाताने धरली. गिअर बदलण्याच्या क्षणी सुकाणूचे चक्र शरीराच्या भाराने दाबून धरायचे, डावा हात सोडून दांडा सारायचा आणि पुन्हा चक्रावर आणायचा, ही क्रिया त्यांनी इतकी आत्मसात केली की भल्याभल्या दोन हातांच्या चालकांना त्यांनी मागे टाकले. १९३९ साली बर्लिन ते रोम या नियोजित शर्यतीसाठी पोर्शे यांनी तीन निमुळत्या गाड्या बांधल्या होत्या. युद्धामुळे ती शर्यत झालीच नाही, आणि त्यांपैकी एक गाडी माटे यांनी १९४९ साली विकत घेतली, ती मरेपर्यंत, म्हणजे १९९५ पर्यंत, सांभाळली. १९५० सालची आल्प्सची दौड त्यांनी तीवरच जिंकली.

परंतु संग्रहालयात शोभेल अशी ती गाडी असतानाही १९५२ साली त्यांनी स्वतःच्या हाताने दुसरी एक बांधली. तिचे नाव ‘फेत्सेनफ्लीगर’. फोक्सवागनचे आणि पोर्शेचे सुटे भाग एकत्र करून, एकाच माणसाला जेमतेम बसता येईल एवढी जागा ठेवून, पोर्शेचे इंजिन पाठीमागे बसवून आणि त्यावर पातळ पत्र्याचे जुजबी आच्छादन घालून ही गाडी सिद्ध झाली. चाके अंगाबाहेर उघडी, त्यांवर सायकलीला असतात तशा अरुंद पट्ट्या. सौंदर्याच्या रूढ कल्पनांशी तिचा संबंध नाही, पण तिच्याकडे पाहताना मला असे वाटते की जे काढून टाकता येण्याजोगे आहे ते सर्व काढून टाकल्यावर शेवटी उरलेली ही मोटार आहे. डांबरावर, घाटात, गवताळ मैदानावर आणि त्सेलच्या बर्फावरही ती धावली. अधू हाताच्या माणसाने बांधलेली आणि त्यानेच चालवलेली ही गाडी बर्फावर खिळेदार टायरांनी हिमकणांचे कारंजे उडवीत आडवी होऊन वळणे घेई. वंगणाच्या तेलात मिसळण्याचे एक द्रव्यही माटे यांनी तयार केले आणि आपल्या नावाने विकले. हाताच्या आणि बुद्धीच्या कष्टावर उभे राहिलेले आयुष्य म्हणतात ते असे.

अशा गाडीच्या बांधणीत कसब कोठे लागते हे पाहण्यासारखे आहे. पहिली गोष्ट टायर. मऊ मातीवर रुंद टायर चांगले, परंतु बर्फावर अरुंद टायर घ्यायचे, कारण वजन थोड्या जागेवर केंद्रित झाले म्हणजे खिळा खोल रुततो. घरी खिळे बसवणारा मनुष्य टायरच्या आतून बाहेरच्या बाजूस छिद्रे पाडतो, आतून खिळे घालून बाहेर घट्ट आवळतो, आणि खिळ्यांच्या डोक्यांनी आतली नळी फाटू नये म्हणून चामड्याचे किंवा जुन्या रबराचे अस्तर लावतो. हे काम अत्यंत कंटाळवाणे, बोटे सोलवटणारे आणि निर्णायक असते. ओळ वाकडी झाली तर चाक एका बाजूला ओढते; खिळा फार लांब राहिला तर तो वाकतो किंवा उपटून मागच्याच्या अंगावर जातो. दुसरी गोष्ट कार्ब्युरेटर. दमट थंड हवेत पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाऊन त्याच्या नळीतच बर्फ धरते आणि धडधाकट इंजिन गुदमरते. म्हणून धुरांड्याच्या आसपासची ऊब तेथवर आणण्याची काही तरी युक्ती करावी लागते. तिसरी गोष्ट चालकाची. वाऱ्याने आणि उडणाऱ्या बर्फाने डोळे मिटतात, पायांची बोटे बधिर होऊन दट्ट्याचा अंदाज जातो, आणि ज्या सूक्ष्म पदस्पर्शावर बर्फातले सारे यश अवलंबून असते तोच नाहीसा होतो. पायाशी उबेची सोय करणारा कारागीर म्हणूनच चैनी ठरत नाही, शहाणा ठरतो.

याच काळात इंग्लंडात एक चळवळ सुरू झाली होती आणि तिचा एक प्रवाह बर्फापर्यंत पोचला. युद्धानंतरच्या टंचाईत ब्रिस्टलकडील काही हौशी मंडळींनी असा जाबता ठरवला की मोटारसायकलीचे ५०० घनसेंटीमीटरपर्यंतचे इंजिन घ्यावे आणि त्याभोवती जो तो आपल्या घरी शर्यतीची गाडी बांधील. १९४६ साली सर्बिटन येथील चार्ल्स कूपर आणि त्यांचा मुलगा जॉन यांनी फियाटच्या दोन लहान गाड्यांचे पुढचे भाग पाठीला पाठ लावून जोडले आणि मागे जे.ए.पी. कंपनीचे मोटारसायकलीचे इंजिन बसवले. इंजिनातून साखळीने चाक फिरवायचे तर ते चालकाच्या मागेच ठेवणे सोयीचे, एवढ्या घरगुती कारणाने ठरलेली ही रचना. १९५९ साली जॅक ब्रॅबहॅम यांनी तशाच रचनेच्या कूपर गाडीवर जागतिक अजिंक्यपद मिळवले तेव्हा जगातील सगळ्या कारखान्यांना ती स्वीकारावी लागली.

स्वीडनमध्ये माल्मो येथील हॉकान्सन बंधू, फोल्के आणि युंग्वे, यांनी हाच ५०० घनसेंटीमीटरचा नियम घेऊन ‘एफी’ नावाची चिमुकली गाडी बांधली. तिचेही इंजिन जे.ए.पी.चेच, मद्यार्कावर चालणारे. असे इंधन थंडीत सहज पेटत नाही, त्यामुळे हिवाळ्यात गाडी चालू करणे हाच पहिला सामना असे. स्वीडनचा हिवाळा दीर्घ, डांबरी शर्यतमार्ग थोडे, आणि घोड्यांच्या शर्यतींची लंबवर्तुळाकार मैदाने गावोगाव. तेव्हा जी गाडी उन्हाळ्यात रस्त्यावर आणि राखेच्या मैदानावर धावेल तीच हिवाळ्यात खिळे लावून बर्फावर धावावी, ही तेथल्या लोकांची गरज होती. आपल्या मुलखात, जेथे पाणी गोठलेले पाहायचे तर बर्फाच्या कारखान्यात जावे लागते, तेथे वर्षातील कित्येक महिने शेत, तळे आणि मैदान एकसारखेच कठीण होऊन जाते ही कल्पना करणे सोपे नाही. तेथल्या कारागिराला मात्र हाच अवकाशाचा काळ. बाहेर अंधार लवकर पडतो, शेताची कामे बंद असतात, आणि घराच्या पडवीत दिव्याखाली हत्यारे चालू राहतात.

पुढील काळाविषयी थोडक्यात सांगतो. त्सेलच्या सरोवरावरील शर्यत १९७४ साली बंद पडली. फ्रान्समध्ये १९९० पासून ‘आंद्रोस चषक’ या नावाने बर्फावरच्या शर्यतींची मालिका चालली. तीत चारही चाकांना ताकद आणि पुढच्याप्रमाणे मागच्या चाकांनाही वळण असलेल्या खास गाड्या धावत, चार वेळा जगज्जेते ठरलेले आलँ प्रोस्त तीत तीनदा विजयी झाले आणि अखेरच्या वर्षांत तर सर्व गाड्या विजेवर गेल्या. कौशल्याचा दर्जा उच्च, यात शंका नाही. पण पडवीतला मनुष्य तेथे प्रेक्षकांत जाऊन बसला. २०१९ मध्ये पोर्शे घराण्यातील एका तरुण वंशजाच्या पुढाकाराने त्सेलची शर्यत पुन्हा भरली, सरोवरावर नव्हे तर गावाजवळच्या विमानतळावर, पाणी गोठवून केलेल्या मार्गावर. तेथे माटे यांची फेत्सेनफ्लीगर पुन्हा बर्फावर उतरली.

घरगुती गाडीचा खरा वारसा आज जपला आहे तो फिनलंड आणि स्वीडनमधील लोकशर्यतींनी, आणि तोही भावनेच्या बळावर नव्हे, तर एका विलक्षण नियमाच्या बळावर. शर्यत संपल्यावर भाग घेणाऱ्या प्रत्येकाची गाडी ठरावीक, अल्प किमतीला विक्रीस असते. कोणाही स्पर्धकाने ती किंमत देऊ केली तर मालकाला नकार देता येत नाही, दिला तर त्याचा परवानाच काढून घेतला जातो. एकाच गाडीवर अनेकांचा डोळा असेल तर चिठ्ठ्या टाकून निर्णय होतो. अशा व्यवहारात आपल्या गाडीत महागडे इंजिन गुपचूप बसवणाऱ्याचे नुकसान निश्चित असते, म्हणून कोणी ते बसवीत नाही. पंधरा वर्षांचा मुलगा आपल्या बापाबरोबर जुनी, गंजकी, भंगारात निघालेली गाडी घेतो, आतली आसने आणि काचा काढून टाकतो, लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडून घेतो आणि रविवारी तिच्यावर मैदानात उतरतो. जिंकला तर संध्याकाळी कदाचित ती गाडी दुसऱ्याच्या अंगणात गेलेली असते, आणि सोमवारी बापलेक पुढच्या सांगाड्याच्या शोधात निघतात.